फुसका बार, फुटलेला सिलिंडर आणि सॅम्युअल कोल्ट

मोबाइलवर शूटिंगचा कुठलाही गेम उघडा. गोळ्या संपल्या की रिलोडचं बटण दाबायचं, दोन सेकंदांचं अ‍ॅनिमेशन होतं आणि बंदूक पुन्हा भरलेली. गेममध्ये एक गोष्ट मात्र कधीच घडत नाही: भरलेली गोळी खराब निघत नाही. दारू कमी पडली, जास्त पडली, गोळी उलटी बसली, पावसात बार भिजला, असलं काही नाही. खऱ्या जगात पिस्तुलाच्या इतिहासातली कित्येक वर्षं याच कटकटीत गेली. आणि त्या कटकटीच्या मधोमध जो माणूस उभा आहे, त्याचं नाव आजही गेममधल्या बंदुकांच्या यादीत दिसतं. सॅम्युअल कोल्ट.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि बंदुकीशी माझा संबंध गेमपुरताच. कोल्टबद्दल वाचायला लागलो ते वेगळ्या कारणाने. आमच्या धंद्यात काही बिघडलं की पहिला वाद एकच असतो. वापरणाऱ्याने चुकीचं वापरलं, की बनवणाऱ्याने चुकीचं बनवलं? अगदी हाच प्रश्न १८४७ साली कोल्टच्या पिस्तुलाबाबत उभा राहिला. फरक इतकाच की तिथे अ‍ॅप क्रॅश होत नव्हतं, माणसाच्या हातात लोखंड फुटत होतं.

आधी ठासणी समजून घेऊ

गडावरच्या संग्रहालयात ठासणीची बंदूक पाहिली असेल. नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू ओतायची, वरून शिशाची गोळी टाकायची, गजाने ठासायची. म्हणजे आज आपण ज्याला काडतूस म्हणतो ते तयार मिळतच नव्हतं. प्रत्येक बार हा त्या त्या शिपायाने, त्या त्या क्षणी, स्वतःच्या हाताने जुळवलेला असे. (काडतूस आणि पिस्तूल हे दोन्ही शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या भाषेतून आले. वस्तूबरोबर शब्दही आला.)

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यात टोपीची भर पडली. तांब्याची छोटीशी वाटी, आत घोड्याचा फटका बसला की पेट घेणारं रसायन. ही टोपी बंदुकीच्या मागच्या बोंडीवर बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी आत जाते, दारू पेटते, गोळी सुटते. गारगोटीच्या ठिणगीपेक्षा हे कितीतरी भरवशाचं होतं. पण एक बार उडवला की पुन्हा सगळी ठासाठास. समोरचा तोवर थांबत नाही.

पोराने तळं उडवलं

सॅम्युअल कोल्टचा जन्म १९ जुलै १८१४ चा, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड गावचा. आई लहानपणीच क्षयाने गेली. वडील आधी व्यापारात होते, पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या वेअर गावी कापडाच्या गिरणीत. पोरगा शाळेत रमणारा नव्हता. विज्ञानाचा एक कोश त्याच्या हाती लागला होता, त्यातलं बॅटरी आणि दारूवरचं तो पुन्हा पुन्हा वाचत बसे.

४ जुलै १८२९, वय पंधराही पूर्ण नाही. त्याने गावात जाहीर केलं की तळ्यातला तराफा पाण्याखालून, तारेने, विजेच्या ठिणगीने उडवून दाखवतो. स्फोट झाला, पण तराफा जागेवर राहिला आणि चिखलपाणी नटूनथटून आलेल्या गावकऱ्यांच्या अंगावर. चिडलेल्या लोकांपासून त्याला एका तरुण मेकॅनिकने वाचवलं असं सांगतात. त्याचं नाव इलायशा रूट. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पुढच्याच वर्षी अ‍ॅमहर्स्टच्या शाळेत दारूकामाचे उद्योग अंगाशी आले, आग लागली आणि शाळा सुटली. वडिलांनी मग पोराला जहाजावर धाडलं. आपल्याला रस वाटेल असा भाग इथे येतो: ते जहाज, कोर्व्हो, बोस्टनहून निघालं होतं कलकत्त्याला. सोळा वर्षांचा कोल्ट खलाशी म्हणून हिंदुस्थानपर्यंत आला आणि परत गेला. याच सफरीत त्याने लाकडाचा एक नमुना कोरला. एक नळी, तिच्या मागे फिरणारा भोकांचा गोल, आणि घोडा मागे ओढला की गोल आपोआप एक घर पुढे सरकणार. जहाजाचं चाक किंवा नांगर ओढायचा रहाट बघून ही कल्पना सुचली, अशी कथा आहे. फिरत्या सिलिंडरच्या गारगोटीच्या बंदुका त्याआधीच इंग्लंडमध्ये इलायशा कॉलियरने बनवल्या होत्या, आणि त्यातल्या काही हिंदुस्थानातल्या इंग्रज फौजेकडेही होत्या. तेव्हा कल्पना अगदी आभाळातून पडली असं मी तरी म्हणणार नाही. पण घोडा ओढण्याच्या एकाच हालचालीत सिलिंडर फिरणं आणि बरोबर नळीसमोर येऊन कुलूप लागणं, ही जोडणी कोल्टची.

परत आल्यावर वडिलांनी दोन नमुने करून घ्यायला पैसे दिले, एक रायफल आणि एक पिस्तूल. रायफल नीट चालली. पिस्तूल पहिल्याच बाराला फुटलं.

वडिलांनी हात आखडता घेतला. मग या पठ्ठ्याने पैसे कसे उभे केले? लाफिंग गॅसचे खेळ करून. गावोगाव फिरायचं, लोकांना नायट्रस ऑक्साइड हुंगवायचा, लोक खिदळायला लागले की बाकीच्यांनी तिकीट काढून बघायचं. जाहिरातीत नाव डॉक्टर कूल्ट, आणि पत्ता न्यूयॉर्क, लंडन आणि कलकत्ता. कलकत्त्याची एक वारी त्याने अशी वसूल केली. आलेल्या पैशांतून बंदूककारांकडून, मुख्यतः जॉन पिअर्सनकडून, नवे नमुने बनत राहिले.

पॅटर्सन: पाच बार आणि हजार कटकटी

१८३५ मध्ये इंग्लंडचं आणि २५ फेब्रुवारी १८३६ ला अमेरिकेचं पेटंट मिळालं. न्यू जर्सीतल्या पॅटर्सन गावी कंपनी निघाली, भांडवल नातेवाइकांचं. पिस्तुलात पाच बार. सिलिंडरमध्ये पाच घरं, प्रत्येक घरात दारू आणि गोळी ठासायची, मागे पाच टोप्या. सुरुवातीच्या पिस्तुलांत तर भरायला नळी काढून ठेवावी लागायची. म्हणून शौकीन लोक दुसरा भरलेला सिलिंडरच खिशात ठेवत. आपण पॉवर बँक ठेवतो तसं.

आता नीट विचार करा. साध्या ठासणीच्या बंदुकीत हाताने भरताना एक चूक झाली तर एक बार वाया जातो. इथे पाच बार एकमेकांना खेटून बसलेत, मधे लोखंडाची पातळ भिंत. एक पेटला की त्याची ज्वाळा सिलिंडर आणि नळी यांच्यातल्या फटीतून बाहेर येते. शेजारच्या घराच्या तोंडाशी दारू सांडलेली असेल, किंवा गोळी घरापेक्षा बारीक असून कडेने फट राहिली असेल, तर ज्वाळा तिथे शिरते. मागची टोपी सैल असेल तर आग मागूनही शिरू शकते. मग न मागता शेजारचा बार उडतो, कधी त्याच्याही शेजारचा. याला साखळी स्फोट म्हणू. नळीसमोर फक्त एकच घर असतं, बाकीच्या गोळ्या जातात फ्रेमवर किंवा मोकळ्या हवेत. फिरत्या सिलिंडरच्या रायफलीत तर याहून वाईट, कारण डावा हात नेमका सिलिंडरच्या पुढे धरलेला असतो.

यावर उपाय साधे होते. गोळी घरापेक्षा केसभर मोठी घ्यायची, म्हणजे ठासताना शिशाची बारीक कडी तासली जाते आणि तोंड घट्ट बंद होतं. वरून चरबी किंवा मेणाचा लेप. टोप्या मापाच्या. हे सगळं करणाऱ्याचं पिस्तूल छान चालायचं. पण हे सगळं करायला शांत डोकं, कोरडी जागा आणि वेळ लागतो, आणि पिस्तूल नेमकं जिथे लागतं तिथे यातलं काहीच नसतं.

१८३७ मध्ये लष्कराने वेस्ट पॉइंटला चाचणी घेतली आणि फार गुंतागुंतीचं म्हणून नापसंत केलं. १८३८ मध्ये कोल्ट स्वतः फ्लोरिडाला गेला. तिथे सरकार सेमिनोल लोकांना त्यांच्या जमिनीवरून हुसकण्यासाठी लढत होतं, आणि कर्नल हार्नीने त्याच्या पन्नास रायफली घेतल्या. शिपायांना हे नवल इतकं आवडलं की त्यांनी आत काय आहे बघायला त्या उघडल्या. स्क्रूची डोकी घासली, सुटे भाग मोडले, आणि मग तक्रार आली की माल खराब. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करणाऱ्या कोणालाही ही गोष्ट सांगून बघा, तो हसेल.

१८३९ मध्ये नळी न काढता ठासता यावं म्हणून नळीखाली एक दांडा बसवला गेला. बाजारात मंदी होती, पिस्तूल महाग होतं, आणि कोल्ट स्वतः कंपनीचे पैसे मेजवान्यांवर आणि अधिकाऱ्यांना भेटी देण्यावर उधळत होता. १८४२ मध्ये कारखाना बंद पडला.

तयार बार विकायची धडपड

मधल्या या पडत्या काळाकडे चरित्रकार लवकर पुढे जातात. माझ्या मते खरी तांत्रिक गंमत इथेच आहे. बंदूक विकली जात नाही म्हटल्यावर कोल्ट बाराकडे वळला.

त्या काळी मोजलेली दारू आणि गोळी कागदाच्या पुडीत बांधून देत. पुडी फाडायची, ओतायची, ठासायची. १८५७ मुळे आपल्याला ही पुडी शाळेपासून माहीत आहे, कारण दाताने फाडायच्या त्याच पुडीच्या चरबीवरून बराकपूर आणि मेरठ पेटलं. कागदाचा दोष असा की भिजला की दारूचा चिखल. कोल्टने रबरी लेप लावून पाहिला, मग कथलाचा पातळ पत्रा वापरला. १८४१ मध्ये लष्कराला नमुने दिले. एका मस्केटमधून, मधे साफ न करता, अशा २५ गोळ्या झाडून नळी उघडली तर पत्र्याचा कचरा साठलेला नव्हता. १८४३ मध्ये दोन लाख पुड्यांची ऑर्डर मिळाली, दहा-दहाच्या डब्यांत. रिव्हॉल्व्हर जे देऊ शकलं नाही ते पुडीने दिलं: सरकारकडून पैसा.

याचा अर्थ असा, की मोजायचं काम शिपायाच्या थरथरत्या हातातून काढून कारखान्याच्या टेबलावर नेलं तर निम्म्या तक्रारी तिथेच संपतात, हे कोल्टला फार लवकर कळलं होतं.

याच दिवसांत घरात मोठं संकट आलं. त्याचा भाऊ जॉन कोल्ट याने सप्टेंबर १८४१ मध्ये न्यूयॉर्कला सॅम्युअल अ‍ॅडम्स नावाच्या छापखानेवाल्याला मारलं आणि प्रेत पेटीत घालून जहाजावर चढवलं. खटल्यात सरकारी पक्षाला शंका होती की खून पिस्तुलाने झाला असावा, आणि आवाज येऊ नये म्हणून दारू न भरता नुसत्या टोपीवर गोळी उडवली असावी. सॅम्युअलला साक्षीला बोलावलं. नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी किती जाते, हे त्याने न्यायालयातच पिस्तूल चालवून दाखवलं. गोळीत दम नसतो, हा त्याचा मुद्दा होता. जॉन वाचला नाही. नोव्हेंबर १८४२ मध्ये फाशीच्या दिवशीच तो कोठडीत सुरा खुपसलेल्या अवस्थेत मृत सापडला.

आपल्या मराठीत फुसका बार हा शब्द नेत्यांच्या घोषणांसाठी वापरतात. मूळ अर्थाने फुसका बार म्हणजे हेच: टोपी उडाली, पण मागे दारूच नाही. हा प्रकार पुन्हा येणार आहे.

वॉकरचं दोन किलोचं पिस्तूल

टेक्ससमध्ये मात्र पॅटर्सन पिस्तुलं रुजली होती. जॅक हेजच्या टोळीने १८४४ मध्ये कोमांची लोकांविरुद्ध ती वापरली. घोड्यावरचा कोमांची एका बाराच्या वेळात कितीतरी बाण सोडत असे, आणि पहिल्यांदाच गोऱ्यांकडे त्याला उत्तर होतं. ज्यांची जमीन गेली त्यांच्या बाजूने ही गोष्ट किती भयानक आहे, हे वेगळं सांगायला नको.

१८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध सुरू झालं. सॅम्युअल वॉकर नावाचा टेक्ससचा कॅप्टन कोल्टला भेटला. त्याच्या मागण्या स्पष्ट होत्या. पाचाऐवजी सहा बार, गोळी मोठी, मारा इतका की घोडाही पडावा, आणि भरायला सोपं. जानेवारी १८४७ मध्ये १००० पिस्तुलांचा करार झाला. कोल्टकडे कारखाना नव्हता, म्हणून त्याने ती धाकट्या इलाय व्हिटनीच्या कारखान्यात करून घेतली. नागरिकांसाठी आणखी शंभर बनली.

वॉकर कोल्ट म्हणजे ४४ कॅलिबर, नऊ इंची नळी, वजन दोन किलोच्या थोडं वर. तुमच्या हातातल्या फोनसारखे दहा फोन एकावर एक ठेवा, तेवढं. कमरेला लावता येत नसे, खोगिराला टांगत. आणि प्रत्येक घरात मावणारी दारू ६० ग्रेन, म्हणजे जवळपास चार ग्रॅम. त्या काळच्या साध्या पिस्तुलांच्या दुपटीहून जास्त.

फौजेत ती पोचली आणि सिलिंडर फुटायला लागले.

तपासाला बसलं तर कारणांची यादी सापडते, आणि त्यातलं एकही एकटं पुरेसं नाही. एक, त्या काळचं लोखंड. आतमध्ये मळी आणि चिरा असत, त्या दिसायला तेव्हा काही साधन नव्हतं. दोन, दारू. शिपाई घर काठोकाठ भरत, कारण घर तेवढं मोठं होतंच. तीन, घाईत सांडलेली दारू सिलिंडरच्या तोंडावर पसरून होणारे साखळी स्फोट. आणि चार, ही माझी आवडती: गोळी. वॉकरसाठी टोकदार गोळी दिली होती. ती टोक पुढे करून घरात सरळ बसवणं अवघड जाई, टोक खाली करून टाकली तर पटकन बसे. म्हणून अनेकांनी ती उलटी भरली. उलट्या गोळीच्या टोकाभोवती मोकळी जागा उरते, म्हणजे आधीच जास्त असलेल्या दारूला आणखी जागा.

शिवाय ठासायच्या दांड्याचा खटका कमजोर होता. बार उडाला की धक्क्याने दांडा खाली लोंबायचा, त्याला जोडलेली ठासणी सिलिंडरच्या घरात शिरायची आणि सिलिंडर अडकायचा. सहा बारांचं पिस्तूल ऐन वेळी एका बाराचं. काही जण चामड्याची वादी बांधून दांडा जागेवर ठेवत.

कोल्टच्या बाजूने सल्ला आला की घरात ५० ग्रेनपेक्षा जास्त दारू भरू नका आणि घरांच्या तोंडाला चरबी लावा. सल्ला बरोबर होता. पण मला इथे थांबावंसं वाटतं. जिथे ६० ग्रेन मावतात तिथे ५० च भरा असं कागदावर सांगणं, आणि गोळी उलटी सहज बसते तिथे सरळच बसवा असं सांगणं, म्हणजे दोष शिपायावर टाकणं झालं. अंधारात, घोड्यावर, समोरून भाले येत असताना कोणीही माप बघत नाही. आमच्या धंद्यात फॉर्ममध्ये चुकीची तारीख टाकता येत असेल, तर लोक ती टाकणारच, असं गृहीत धरून काम करायला शिकवतात.

कोल्टने अडचण सल्ल्यावर सोडली नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. १८४८ मध्ये ड्रॅगून नावाचं पुढचं पिस्तूल आलं. सिलिंडर आखूड केला, म्हणजे जास्त दारू मावणारच नाही. नळी साडेसात इंच, वजन थोडं कमी, दांड्याला नळीच्या टोकाशी पक्का खटका. वॉकर मात्र हे पाहायला राहिला नाही. ९ ऑक्टोबर १८४७ ला हुआमांतलाच्या लढाईत तो मारला गेला. कोल्टने त्याच्यासाठी पाठवलेली पिस्तुलांची जोडी त्याला त्याच्या काही दिवस आधीच मिळाली होती.

पैसा, कारखाना आणि एक नाकारलेली कल्पना

यानंतरची दहा वर्षं भरभराटीची. १८४९ चं खिशातलं पिस्तूल, १८५१ चं नेव्ही, १८५१ मध्येच लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात हजेरी, १८५३ मध्ये लंडनला कारखाना. आपल्याकडे १८५७ मध्ये कित्येक इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला नेव्ही कोल्ट होतं. क्रिमियाच्या युद्धात रशिया आणि तुर्कस्तान, दोघांनाही माल विकायची त्याची तयारी होती. राजे, सेनापती, मंत्री यांना नक्षीदार पिस्तुलं भेट द्यायची आणि ऑर्डर मिळवायची, हे त्याचं मार्केटिंग. आजचे इन्फ्लुएन्सर याला नवीन समजतात.

हार्टफर्डमध्ये नदीकाठची पाणथळ जमीन घेऊन, बांध घालून, १८५५ मध्ये त्याने प्रचंड कारखाना उभा केला, वर सोनेरी चांदण्यांचा निळा घुमट. कारखान्याचा प्रमुख होता इलायशा रूट, तोच तळ्याकाठचा. खरं डोकं रूटचं असं बरेच जाणकार मानतात, आणि मलाही तसंच वाटतं. शेकडो मशीन, प्रत्येक मशीन एकच कापणी करणार, म्हणजे सगळे भाग एकसारखे. जाहिरातीत भाग कुठल्याही पिस्तुलाला बसतात असं सांगत. प्रत्यक्षात शेवटी कानस मारावी लागेच.

हार्टफर्डमध्ये काडतुसांचाही कारखाना निघाला. आता पुडी पटकन जळणाऱ्या कागदाची, गोळी पुढे चिकटवलेली, मोजून भरलेली. फाडायचीही गरज नाही, अख्खी घरात ढकलायची. सहाच्या संचाला लाकडी ठोकळ्याचं संरक्षण. उलटं बसवायची सोय संपली, जास्त भरायची सोय संपली. उरली फक्त टोपी, ती अजून वेगळी बसवावी लागे, आणि फुटलेल्या टोपीचा तुकडा यंत्रात पडून घोडा अडकायचा ते अडकायचाच.

उत्तर दाराशी आलं होतं. रोलिन व्हाइट हा कोल्टकडेच काम केलेला माणूस. त्याने सिलिंडरची घरं आरपार ठेवायची कल्पना मांडली, म्हणजे मागून तयार काडतूस सरकवता येईल. ३ एप्रिल १८५५ ला त्याला पेटंट मिळालं. कोल्टने त्यात रस घेतला नाही असं सांगतात. स्मिथ आणि वेसन या जोडीने ते पेटंट वापरायचा हक्क घेतला आणि १८५७ मध्ये धातूच्या पुंगळीचं काडतूस घेणारं छोटं रिव्हॉल्व्हर काढलं. टोपी, दारू आणि गोळी तिन्ही एकाच पुंगळीत. साखळी स्फोटाचा विषय संपला, कारण आता आग शिरायला फटच नव्हती. स्वतःच्या पेटंटच्या जोरावर ज्याने वर्षानुवर्षं इतरांना रोखलं, त्याचीच कंपनी पुढे १८६९ पर्यंत दुसऱ्याच्या पेटंटमुळे अडकून बसली.

कोल्टने तो काळ पाहिला नाही. संधिवाताने तो कित्येक वर्षं बेजार होता. १० जानेवारी १८६२ ला, यादवी युद्धाच्या ऑर्डरी धडाधड येत असताना, ४७ व्या वर्षी तो गेला. युद्ध सुरू होईपर्यंत दक्षिणेच्या राज्यांनाही माल जात होता. त्याच्यामागे १८६४ मध्ये कारखाना जळाला, तो पुन्हा उभा करायला लावला त्याची पत्नी एलिझाबेथने. धातूच्या काडतुसाचं प्रसिद्ध सिंगल अ‍ॅक्शन आर्मी आलं ते १८७३ मध्ये.

पुंगळी आली, हात गेला नाही

गंमत म्हणजे धातूची पुंगळी पुन्हा भरता येते. पितळ टिकाऊ असतं. झाडलेली पुंगळी उचलायची, जुनी टोपी काढायची, नवी बसवायची, दारू, गोळी. अमेरिकेत आजही लाखो नेमबाज घरच्या गॅरेजमध्ये हे करतात, कारण स्वस्त पडतं आणि नेम नेमका साधता येतो. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे, तेव्हा हे फक्त समजून घेण्यापुरतं.) आणि बिघाड बघितले तर कोल्टच्या वेळचेच, नव्या कपड्यांत.

फुसका बार बघा. दारू भरायची राहून गेली तर टोपी एकटी गोळीला ढकलते, आणि गोळी नळीच्या मधेच अडकते. आवाज नेहमीपेक्षा बारीक येतो. ते न ओळखता पुढची झाडली, तर मागची गोळी अडकलेल्या गोळीवर आदळते आणि नळी फुगते किंवा फुटते. जॉनच्या खटल्यात सॅम्युअलने दाखवलेली टोपीची ताकद ती हीच: गोळी मारायला अपुरी, नळी बंद करायला पुरेशी.

दुप्पट दारूचं प्रकरण तर जुन्यापेक्षा अवघड झालंय. काळी दारू पुंगळी भरून टाकते, दोनदा घालायला गेलं तर सांडते, म्हणजे दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आलेली बिनधुराची दारू इतकी जोरकस की पुंगळीचा छोटा भागच व्यापते. दोनदा पडली तरी वरून गोळी आरामात बसते. बाहेरून बघून काहीच कळत नाही.

रिव्हॉल्व्हरमध्ये पुंगळीची कड गोळीवर नीट दाबलेली नसेल तर धक्क्यागणिक बाकीच्या घरांतल्या गोळ्या पुढे सरकतात, सिलिंडरबाहेर डोकावतात आणि सिलिंडर अडकतो. वॉकरचा लोंबणारा दांडा आठवतो ना? परिणाम तोच. टोपी पूर्ण आत बसली नसेल तर मागे घासून सिलिंडर जड फिरतो. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात उलटं होतं: सैल गोळी आत ढकलली जाते, दारूची जागा कमी होते आणि दाब भलताच वाढतो.

१९२० च्या दशकात एल्मर कीथ नावाच्या अमेरिकन काउबॉयने कोल्टच्याच सिंगल अ‍ॅक्शनमध्ये स्वतः भरलेली जोरदार काडतुसं वापरली आणि सिलिंडर फोडून घेतला. ४५ कॅलिबरची घरं मोठी, म्हणून मधल्या भिंती पातळ. तो मग ४४ कडे वळला, कारण भोक जरा लहान म्हणजे भिंत जरा जाड. त्याच्या प्रयोगांतूनच पुढे १९५५ मध्ये ४४ मॅग्नम हे काडतूस आलं, आणि त्याच्यासाठी पिस्तूल बनवलं ते स्मिथ आणि वेसनने.

वॉकरच्या हुबेहूब प्रती आज इटलीत बनतात. लोखंडाऐवजी चांगलं पोलाद, पण भरायची पद्धत तीच, दारू, गोळी, ठासणी, टोपी. दांडा आजही धक्क्याने खाली येतो, आणि हौशी लोक आजही त्याला चामड्याची वादी बांधतात.